शेलचं तेल शंभर वर्षं पुरणार असेल, तर इंजिनच्या पार्टचं मशीन घ्यायला घाबरू का?

भोसरीकर

नमस्कार मंडळी. प्रश्न धंद्याचा आहे, पण गाडं तेलावर अडलंय म्हणून इथे विचारतोय.

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. चार माणसं, दोन सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं, एक जुना ग्राइंडर. आम्ही दुचाकीच्या इंजिनाचे व्हॉल्व्ह गाइड करतो. करंगळीएवढी नळी असते. इंजिनाच्या हेडमध्ये ठोकून बसवतात आणि तिच्यातून व्हॉल्व्हची दांडी मिनिटाला हजारो वेळा वरखाली होते. आतलं भोक दहा मायक्रॉन इकडचं तिकडे झालं की अख्खा लॉट परत. आमच्या बिलातले शंभरातले ऐंशी रुपये याच नळीचे.

आता गिऱ्हाईक म्हणतंय, महिन्याची संख्या दीडपट करा. म्हणजे तिसरं मशीन आलं. 15 लाख कर्ज, पाच वर्षं, हप्ता 32 हजारांच्या वर. बँक तयार आहे. बायको तयार नाही. तिने गेल्या वर्षी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. रोज सकाळी गाडी काढताना मला ऐकवते, "हिच्यात तुमचा एक तरी पार्ट आहे का हो?" नाहीये. व्हॉल्व्हच नाही तर गाइड कशाला लागतोय.

दुसरीकडे माझा भाचा कॅनडात कॅलगरीला असतो. तो म्हणतो, "मामा, इथे नुसत्या वाळूत एवढं तेल आहे की तुमच्या पणतवंडांना पुरेल. शिवाय अमेरिका शेल नावाचा दगड फोडून तेल काढतेय. इंजिनं कुठे जात नाहीत, बिनधास्त घ्या मशीन." पेपरातही वाचतो की अमेरिका आज जगात सगळ्यात जास्त तेल काढते. आणि आपण 85 टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून आणतो, म्हणजे त्यांच्याकडे मुबलक असेल तर आपली चैन, असं मला वाटतं.

मला शंभर वर्षांचं नकोय. हप्ता संपेपर्यंतचं कोणी सांगेल का?

शनिवारपेठी

हप्ता संपेपर्यंतचं सांगणारा पोपटवाला पूर्वी तुळशीबागेच्या तोंडाशी बसायचा. हल्ली दिसत नाही, बहुतेक टीव्हीवर अर्थतज्ज्ञ झाला असावा.

1973 ला अरबांनी तेल अडवलं तेव्हा आमच्या वाड्यात काहीही फरक पडला नव्हता. अकरा बिऱ्हाडं आणि चौदा सायकली. रॉकेलच्या रांगेत मात्र मी उभा राहिलोय, डब्यावर नाव लिहून. आज त्याच वाड्याच्या जागी इमारत आहे, खाली बावीस गाड्या आहेत आणि पार्किंगवरून तीन भांडणं कोर्टात आहेत. तुमच्या नळ्या त्यातल्या बऱ्याच गाड्यांत असतील. प्रगती म्हणतात ती हीच.

चिखलवाले काका

भोसरीकर, मी अठ्ठावीस वर्षं रिगवर, म्हणजे तेलाची विहीर खोदणाऱ्या यंत्रावर, मड इंजिनिअर होतो. मड म्हणजे चिखलच. विहीर खोदताना पाइपातून खाली सोडतात आणि बाजूने वर येतं ते मिश्रण. आमची आई शेवटपर्यंत शेजारणींना सांगायची, "पोरगा समुद्रात चिखल कालवतो, पण पगार बरा देतात."

सुरुवात मुंबई हायवर केली. तिथे तेल 1974 ला सापडलं, 1976 ला निघू लागलं, मी 1986 ला पोचलो. जुहूहून हेलिकॉप्टर, चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस सहकारनगरला. समुद्रतळाच्या खाली चुनखडीचे थर आहेत. दगडात बारीक भोकं, भोकांत तेल, आणि सगळं दाबाखाली. तिथपर्यंत पोचलात की तेल आपणहून वर यायला बघतं. चिखल जड ठेवायचा तो त्याला आवरायला.

माझं काम फार थोर नव्हतं. एक नरसाळं असतं, खालून बोट लावून त्यात चिखल भरायचा, बोट काढायचं आणि घड्याळ लावायचं. 946 मिलिलिटर खाली पडायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. साध्या पाण्याला 26 लागतात. आमच्या चिखलाला चाळीस-पंचेचाळीस लागले पाहिजेत. छत्तीस आले की पातळ झाला, दगडाचा चुरा वर आणणार नाही. साठ झाले की पंप कण्हायला लागतो. बाहेर पावसाळी समुद्र उधाणलेला आणि मी हातात नरसाळं धरून सेकंद मोजतोय, अशी बरीच वर्षं गेली. आजही घरी ताक पातळ झालंय की नाही ते मी सेकंदांत सांगतो.

2008 नंतर पश्चिम टेक्सासात गेलो, तेव्हा कळलं की आपण जे करत होतो ते तेलाच्या धंद्यातलं बालवाडीचं काम होतं. तिथे शेल आहे. आपण लहानपणी ज्या पाटीवर लिहायचो, त्या दगडाचा हा सख्खा धाकटा भाऊ. पाटीवर पाणी ओतून बघा, आत मुरतं का? तसं तेल त्या दगडात कोंडलेलं. आहे भरपूर, पण हलत नाही. मग अडीच-तीन किलोमीटर खाली जायचं, तिथून आडवं वळायचं, आणखी तीन किलोमीटर थरातून सरपटत जायचं. पाइपाला भोकं पाडायची, आणि पाणी, वाळू, औषधं असा काढा प्रचंड दाबाने आत ठोकायचा. दगड तडकतो. वाळूचे कण भेगांत अडकतात म्हणून भेगा मिटत नाहीत, आणि त्यातून तेल झिरपतं.

आपल्याकडे गावात आटलेल्या बोअरवर हायड्रोफ्रॅक्चरिंगची गाडी येते, ती ज्यांनी पाहिलीय त्यांना कल्पना येईल. फक्त ती गाडी एक असते. तिथे वीस-वीस पंपांचे ट्रक शेजारी शेजारी लावून एकदम सोडतात. आवाज छातीत जाणवतो. आणि पाणी? एका विहिरीला दीड-दोन कोटी लिटरपासून पुढे. उन्हाळ्यात तुमच्या सोसायटीत दहा हजार लिटरचा टँकर येतो ना, तसे दीड-दोन हजार टँकर. एका विहिरीला. आणि तो मुलूख आपल्या माणदेशासारखा कोरडा.

मुद्दा पुढेच आहे. मुंबई हायची विहीर वर्षानुवर्षं चालायची. शेलच्या विहिरीचं पहिल्याच वर्षात साठ-सत्तर टक्के उत्पादन उतरतं. म्हणजे आज आहे तेवढं तेल पुढच्या वर्षी हवं असेल, तर नव्या विहिरी खणतच राहायच्या. जिना वर चढणारा आणि तुम्ही उतरताय, तशी गत. खणायला पैसा लागतो, पैसा कर्जाने येतो, आणि कर्ज तेलाच्या भावावर मिळतं. भाव पडला की रिग थांबते. मला फेब्रुवारी 2015 मध्ये हॉटेलच्या नाश्त्याच्या टेबलावर घरी जा म्हणून सांगितलं. कंपनीचं नाव घेत नाही, आमलेट चांगलं होतं. जून 2014 ला बॅरल 110 डॉलरच्या वर, जानेवारी 2016 ला 30 च्या खाली. अमेरिकेत तेलाच्या सोळाशे रिग चालू होत्या, दीड-पावणेदोन वर्षांत सव्वातीनशेसुद्धा उरल्या नाहीत.

आता तुमच्या भाच्याची वाळू. दोन हिवाळे मी अल्बर्टात, त्याच्या कॅलगरीच्याच प्रांतात, काढलेत. ते तेल नव्हे, डांबर आहे. वाळूच्या कणांना चिकटलेलं. एक बॅरल, म्हणजे 159 लिटर, मिळवायला साधारण दोन टन वाळू उपसावी लागते. वरवरच्या साठ्याला हे चालतं, पण बहुतेक साठा खोल आहे. तिथे खाली वाफ सोडून डांबर पातळ करतात. मे महिन्यात लक्ष्मी रोडवर चप्पल चिकटते, तोच प्रकार, फक्त ऊन जमिनीखाली पोचवायचं. ती वाफ करायला नैसर्गिक वायू जाळायचा! चांगलं इंधन जाळून वाईट इंधन मऊ करायचं. धुतलेल्या वाळूचं घाण पाणी तलावांत साठवतात. त्यावर पक्षी उतरू नयेत म्हणून बुजगावणी उभी केलेली असतात आणि दर थोड्या वेळाने तोफेसारखा बार काढतात. 2008 साली असे बार वेळेवर निघाले नाहीत आणि एका तलावावर सुमारे सोळाशे बदकं मेली. रात्री झोपेत तो आवाज ऐकला की मला दर वेळी दिवाळी वाटायची.

तर तेल संपणार नाही. भाचा खरं बोलतोय. पण नळ सोडला की येणारं पाणी आणि तीन मजले बादलीने चढवलेलं पाणी, हिशेबात दोन्ही पाणीच. कंबर कोणाची मोडते ते हिशेबात नसतं.

तीनचाकी

काका, लई भारी लिहिलं. मी रिक्षा चालवतो, कात्रज-स्वारगेट. माझी गाडी सीएनजीवर. भोसरीकर दादा, तुमची नळी माझ्या पण इंजिनात असंल.

आम्हाला सांगितलेलं की गॅस आपल्याच देशातला, स्वस्तच राहणार. 1 एप्रिल 2022 ला सरकारने व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यावर आणला, गॅस किलोला 62 च्या घरात आला. स्टँडवर पेढे वाटले आम्ही, खोटं नाही सांगत. ऑगस्टपर्यंत त्याच पंपावर नव्वद. भाडं काय तसं वाढतं का? पॅसेंजर मीटरकडं बघून उतरतो. रात्री साडेदहाला रांगेत लागायचं, बाराला नंबर, आणि प्रेशर कमी असलं की टाकी पाऊणच भरती. असं का झालं ते कोणी नीट सांगितलं नाही. युद्ध झालं म्हणतात. युद्ध तिकडं, रांगेत मी इकडं.

चिखलवाले काका

तीनचाकी, देशातला वायू पुरत नाही म्हणून बाहेरून आणतात. वायू उणे 162 अंशापर्यंत थंड केला की द्रव होतो आणि सहाशेपट आकसतो, मग जहाजात बसतो. कतारहून गुजरातेत दहेजला येतो. आणि 30 मार्च 2018 ला अमेरिकेतल्या लुइझियानाहून दीर्घ कराराचं पहिलं जहाज आलं ते आपल्या दाभोळला. हो, तेच गुहागरजवळचं दाभोळ. अमेरिकेचा बहुतेक वायू आता शेलचाच आहे. देशभरच्या पाइपांत सगळं एकत्र मिसळतं, त्यामुळे तुमच्या टाकीतला वायू कुठला ते कोणी सांगू शकत नाही. पण टेक्सासात मी दगड फोडत होतो आणि तुम्ही कात्रजच्या पंपावर टाकी भरत होता, तेव्हा आपण दोघं एकाच धंद्यात होतो असं धरायला हरकत नाही.

2022 मध्ये रशियाचा वायू बंद व्हायला लागल्यावर युरोपने मिळेल त्या भावाने जहाजं उचलली. तुमचे पेढे तिथे गेले.

गुलटेकडी

काका, तुमच्या त्या काढ्यातल्या एका "औषधा"बद्दल मला बोलू द्या, कारण त्याने आमचं घर हलवलं होतं.

आमचा मार्केट यार्डात भुसार मालाचा गाळा. गवार बी हा माल आम्ही कधी मनावर घेतला नव्हता. अडीच-तीन हजार रुपये क्विंटल, घेणारे गुरांच्या चाऱ्यावाले नाहीतर बियांपासून गम म्हणजे डिंक करणारे. 2011 च्या अखेरीस जोधपूरहून फोन यायला लागले, असेल तेवढं द्या. का, ते विचारलं तर म्हणे अमेरिकेत जमिनीत घालतात. वडील म्हणाले, "गवार जमिनीत घालतात? पेरतात म्हणायचं असेल त्याला." मार्च 2012 मध्ये भाव तीस हजाराला टेकला. तीस हजार! जगातली ऐंशी टक्के गवार आपल्या देशात पिकते, त्यातली बहुतेक राजस्थानात, त्यामुळे सगळ्यांना वाटलं किल्ली आपल्या हातात आहे. शेवटी वायदे बाजारात सरकारने गवारीचे सौदेच थांबवले. ते पुन्हा सुरू झाले मे 2013 मध्ये.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. वडिलांना न सांगता माल धरून ठेवला, चाळीस हजार होईल म्हणून. पुढच्या हंगामात राजस्थान-हरयाणात ज्याने त्याने गवारच पेरली. भाव जो गडगडला तो थांबेचना. आईने त्या वर्षभर घरात गवारीची भाजी केली नाही. करायला घेतली की वडील ताटावरून उठायचे.

आजही गाळ्याच्या माळ्यावर चार पोती आहेत. विकायची लाज वाटते, टाकवत नाहीत.

काका, पण एक सांगा, ती गवार तिकडे करायची तरी काय?

चिखलवाले काका

अहो, नरसाळ्याचीच गोष्ट. नुसत्या पाण्यात वाळू तळाला बसते. गवारीच्या बियांचं पीठ घातलं की पाणी गोळ्याच्या आमटीसारखं दाटतं, वाळू तरंगत भेगेपर्यंत जाते. काम झालं की दाटपणा मोडायचा आणि पाणी परत वर घ्यायचं. तुम्हाला वाटलं किल्ली तुमच्याकडे, पण भाव तीस हजारावर गेल्यावर तिकडचे रसायनवाले झोपले नव्हते. पाणी गुळगुळीत करणारं दुसरं स्वस्त रसायन वापरून, जास्त पाणी जास्त जोराने ढकलायची पद्धत पसरली. गवारीची गरज घटली. आम्हाला सांगितलं, पोत्यांचा हिशेब बंद करा.

आणि परत वर येणारं पाणी हा वेगळाच ताप. टेक्सासात एका बॅरल तेलाबरोबर तीन-चार बॅरल खारं पाणी निघतं, समुद्राहून खारट. ते जातं कुठे? दुसऱ्या विहिरीतून परत खोल जमिनीत. शेजारच्या ओक्लाहोमात असं पाणी कोंबत गेले आणि जिथे वर्षाला तीन रिश्टर आणि त्यावरचे एक-दोन धक्के बसायचे, तिथे 2015 साली सुमारे नऊशे बसले. सप्टेंबर 2016 मध्ये 5.8 चा बसला. मग सरकारने पाणी सोडण्यावर बंधनं आणली, धक्के कमी झाले. 1967 ची कोयना मला आठवते, आम्ही पहाटे अंगणात येऊन उभे होतो. धरणाचं पाणी खडकात मुरून असं होतं हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातही नव्हतं. तिकडे पडलेल्या भिंतींचा खर्च बॅरलच्या भावात नाही. टँकरने प्यायचं पाणी आणणाऱ्या शेतकऱ्याचाही नाही.

भोसरीकर

काका, रात्री दोनदा वाचलं. आता माझं गणित असं झालंय, चुकत असेल तर सांगा. तेल असणारच. पण भाव झोक्यावर. वर गेला की लोक माझ्या बायकोसारखी गाडी घेणार, खाली आला की परत पेट्रोलची. माझ्या साठ हप्त्यांत झोका दोन्हीकडे जाणार?

चिखलवाले काका

जाईल. 20 एप्रिल 2020 ला अमेरिकन तेलाचा सौदा वजा 37.63 डॉलरला मिटला, म्हणजे तेल न्या आणि वर पैसे घ्या. मार्च 2022 मध्ये तोच 120 च्या वर. पुरती दोन वर्षंही मध्ये गेली नाहीत. आणि झोका खाली गेला तेव्हा आपल्या पंपावर काही स्वस्ताई आली नाही. मे 2020 मध्ये केंद्राने लिटरमागे पेट्रोलवर 10 आणि डिझेलवर 13 रुपये कर चढवला. तेल पडलं तर सरकार खातं, चढलं तर आपण भरतो. म्हणून अमेरिकेत मुबलक आहे तर आपली चैन, हे तुमचं वाक्य मी खोडलं असतं.

इलेक्ट्रिकवाल्यांनी फार कॉलर ताठ करू नये, आपल्या विजेतले बारा आणे अजून कोळशाचेच आहेत. पण तुमचा प्रश्न तो नाही. तुमचा प्रश्न, व्हॉल्व्ह असणार की नाही.

मी तेलातला माणूस, लेथमधलं मला कळत नाही. एवढंच विचारतो, ते 15 लाखांचं मशीन नळीशिवाय दुसरं काही करतं का? आणि गिऱ्हाईक दीडपट माल मागतंय, तर पाच वर्षांचा शब्द कागदावर देतंय का? मला 2014 मध्ये तोंडी सांगितलं होतं, तुमच्यासारख्या अनुभवी माणसाची पुढची दहा वर्षं गरज आहे.

भोसरीकर

कागदाचं आज विचारलं. परचेसवाला हसला. म्हणाला, तीन महिन्यांचं शेड्यूल देतो, पुढचं मार्केट बघून. म्हणजे रिस्क सगळी माझी.

मशीनचं असं की जो डीलर गळ्यात मारत होता ते खास नळीसाठीच सेट केलेलं होतं, आत पार्ट धरणारं फिक्श्चरच तसं. चाकणला एक युनिट बंद झालंय, तिथलं सात वर्षं जुनं टर्निंग सेंटर, म्हणजे सीएनसी लेथच, साडेसहा लाखांना आहे. स्पिंडल बघून आलो, आवाज ठीक आहे, रनआउट, म्हणजे फिरतानाची डगमग, थोडी जास्त आहे. नळी होईल, पण घासाघीस करून. पंपाचे शाफ्ट मात्र आरामात होतील. पंपांना काय, तेल असो की वीज, पाणी वर चढवायचंच आहे. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "साडेसहाला नको, सहाला मागा."

गुलटेकडी, तुमच्या त्या पोत्यांतलं दोन-चार किलो बी मला हवंय. शेडच्या मागे पत्र्याला लागून सात-आठ फूट मोकळी माती आहे, कामगार तिथे मिरच्या लावतात. उगवतंय का ते बघू, इतक्या वर्षांत किडलं नसेल तर. पैसे तुम्ही म्हणाल ते, फक्त 2012 चा भाव लावू नका.

शनिवारी अकराला येतो. मार्केट यार्डात टेम्पो लावायला कुठल्या गेटजवळ जागा मिळते, तेवढं सांगून ठेवा.